कोळसा खाणीतील मृत्यू आणि 'मयताची चूक'

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

मराठवाड्याच्या जमिनीत कोळसा निघत नाही, म्हणून हा विषय आपला नव्हे असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आमच्या किनवट भागातल्या कितीतरी घरांतून माणसे कोळशावर गेलेली आहेत; कोणी राजुरा-वणीकडे, कोणी आजच्या तेलंगणातल्या बेल्लमपल्ली, मंदमर्री, गोदावरीखणीकडे. कोरडवाहू जमीन, चार भाऊ आणि एकच बैलजोडी असे घर असले की कोणीतरी एकाने बाहेर पडायचे असते, आणि आमच्या घरातून थोरले चुलते बाहेर पडले. 1986 साली एका भूमिगत खाणीत छत कोसळून ते गेले. खाणीचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण मला आरोप करायचा नाही. मला एक गोष्ट समजून घ्यायची आहे.

गेल्या महिन्यात काकू वारल्या. दिवस झाल्यावर त्यांची पत्र्याची पेटी उघडली, तेव्हा मृत्यूचा दाखला, चुलत्यांचा हजेरीचा बिल्ला आणि खाणीच्या कार्यालयाचे एक पत्र सापडले. पत्रात रकमेचा तपशील आहे आणि शेवटी अशा अर्थाची एक ओळ आहे की, मयत आधार न दिलेल्या छताखाली स्वतःहून गेल्यामुळे अपघात घडला. काकूंना वाचता येत नव्हते. ज्याने ते पत्र त्यांना वाचून दाखवले, त्याने ही ओळ वाचली होती की गाळली होती, हे आता कळायला मार्ग नाही.

चुलते सुट्टीवर आले की आम्हा मुलांना खाणीच्या गोष्टी सांगत. काठीने छत ठोकून पाहिल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही, असे ते नेहमी म्हणत. असा माणूस स्वतःहून आधार नसलेल्या छताखाली का जाईल? ही ओळ कोण लिहितो, कशाच्या आधारावर लिहितो, आणि तिची शहानिशा आज करता येईल का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

सर्वेक्षक_नांदेड

आपले पत्र वाचून फार वाईट वाटले. मी भूमिगत खाणींत सर्वेक्षक म्हणून उभी हयात काढली आणि आता नांदेडला स्थायिक आहे. मला ठाऊक आहे तेवढे सविस्तर लिहितो.

आपल्याकडच्या बहुतेक जुन्या भूमिगत खाणी खांब आणि गल्ल्या या पद्धतीच्या आहेत. कोळशाच्या थरात आडव्या-उभ्या गल्ल्या काढायच्या आणि मध्ये कोळशाचेच चौकोनी खांब ठेवायचे, म्हणजे वरचा खडक त्या खांबांवर तोलला जातो. थर असा पोखरून झाला की दुसरा टप्पा सुरू होतो, ज्याला सगळे डिपिलरिंग म्हणतात. त्यात हे राखलेले खांबच एकेक करून काढले जातात, आणि खांब गेलेल्या जागेचे छत मागे आपोआप कोसळू दिले जाते. त्या कोसळलेल्या पोकळीला गोफ म्हणतात. गोफच्या तोंडाशी काम करणारा माणूस म्हणजे पडणार हे ठरलेल्या छताच्या कडेला उभा असलेला माणूस. तिथे लाकडी टेकू, चौकट्या आणि अलीकडे छतात ठोकलेले लोखंडी बोल्ट यांवर त्याचा जीव असतो.

काठीने ठोकण्याबद्दल आपले चुलते सांगत ते अगदी खरे आहे. हिंदी मुलखातले कामगार छताला चाल म्हणतात. पक्की चाल खणखणीत वाजते, आणि थर सुटलेला असेल तर भद्द असा पोकळ आवाज येतो. परंतु ठोकून पाहणे हे एकट्या कामगाराचे काम नव्हे. कायद्याने ते मायनिंग सरदाराचे काम आहे. पाळीच्या सुरुवातीला आणि सुरुंग उडवल्यावर जागा तपासायची, धोका दिसला तर ती अडवून ठेवायची आणि तशी नोंद वहीत करायची, ही त्याची जबाबदारी. त्याच्यावर ओव्हरमन आणि त्याच्यावर सहायक व्यवस्थापक. म्हणून जेव्हा कागदावर 'मयत आधार नसलेल्या छताखाली गेला' असे लिहिले जाते, तेव्हा पुढचे प्रश्न असे असतात: तिथे आधार का नव्हता? लाकूड त्या पाळीत खाली उतरवले होते का? जागा अडवलेली होती का? त्या दिवशी सरदाराच्या वहीत काय लिहिले आहे?

आणखी एक गोष्ट सांगायला मन धजत नाही, पण सांगतो. कोळसा भरणाऱ्या माणसाला त्या काळी भरलेल्या टबांच्या (कोळसा वाहणाऱ्या लहान गाड्यांच्या) हिशेबाने मजुरी मिळे. टेकू लावायला लाकूडमिस्त्री येईपर्यंत बसून राहायचे, तर तेवढे टब बुडणार. मी डोळ्यांनी पाहिले आहे की, छत बोलते आहे हे कळत असूनही माणसे 'एवढा एक टब' म्हणून पुढे जात. त्याला स्वतःहून गेला म्हणायचे का, हा प्रश्न मला निवृत्तीनंतरही सुटलेला नाही.

ओपनकास्ट_हिंगोली

मी वणी भागात उघड्या खाणीत डंपरवर आहे. सर्वेक्षक सरांच्या अनुभवापुढे माझे ज्ञान कमी आहे, तरीही दुसरी बाजू मांडतो. कामगार नियम मोडतात हे नाकारून चालणार नाही. डंपर उलटा घेताना मागे माणूस उभा असतो, पट्टा चालू असताना त्याखालून कोळसा काढला जातो, तीन वेळा सांगूनही हेल्मेट काढून ठेवले जाते. आमच्याकडे आता छत नाही, तर मातीचे ढिगारे आणि उंच कडे आहेत, पण मरण संपलेले नाही. 29 डिसेंबर 2016 रोजी झारखंडमध्ये लालमटियाच्या उघड्या खाणीत ढिगारा घसरून 23 माणसे गेली. दोष सगळा वरच्यांचा असे ठरवून टाकले, तर खालचा माणूस काळजी घेणे सोडून देईल अशी मला भीती वाटते.

सर्वेक्षक_नांदेड

आपली भीती रास्त आहे, आणि नियम मोडणारा कामगार मीही पाहिला आहे. मात्र लालमटियाचे उदाहरण आपणच दिलेत, तर पाहा: डोंगराएवढा ढिगारा किती उंचीचा आणि किती उताराचा ठेवायचा, हे डंपरवाला ठरवत नाही. माणसाच्या हातून चूक होते. पण त्या चुकीने तो मरेल अशी जागा आधीच कोणीतरी तयार केलेली असते. माझे म्हणणे एवढेच आहे की, चौकशीने त्या आधीच्या माणसापर्यंत जायला हवे.

जोगाई_अध्यापक

मी अंबाजोगाईला इतिहास शिकवतो. धागाकर्त्यांनी उल्लेखिलेल्या गावांविषयी थोडी पार्श्वभूमी देतो, कारण तिच्यावाचून किनवटची माणसे तिकडे का गेली हे उमगत नाही.

येल्लंदूजवळ कोळसा असल्याचे 1871 साली भूगर्भशास्त्र सर्वेक्षणाच्या डॉ. विल्यम किंग यांनी नोंदवले. 1886 मध्ये इंग्लंडात स्थापन झालेल्या हैदराबाद (डेक्कन) कंपनीने खाणकामाचे हक्क मिळवले आणि तिच्यातूनच 23 डिसेंबर 1920 रोजी सिंगरेणी कोलियरीज कंपनीची नोंदणी झाली. ही सारी भूमी निजामाच्या राज्यातली. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे आपले पाच जिल्हेही 17 सप्टेंबर 1948 पर्यंत त्याच राज्यात होते. किनवट तालुका तर 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत आदिलाबाद जिल्ह्याचाच भाग होता. त्यामुळे किनवटच्या माणसाला बेल्लमपल्लीला जाणे हे परमुलखात जाणे नव्हते. तो आपल्याच जिल्ह्यात कामाला गेला होता, आणि जिल्ह्याची सीमा नंतर त्याच्या घराच्या आणि खाणीच्या मधून गेली.

राजुऱ्याचेही तसेच. वर्धा नदीच्या अलीकडचा सास्तीचा कोळसा हैदराबाद राज्यातला. 1956 नंतर राजुरा काही काळ नांदेड जिल्ह्यात होते आणि पुढे 1959 मध्ये ते चांद्याला (आजच्या चंद्रपूरला) जोडले गेले. म्हणजे मराठवाड्यात कोळसा नाही हे विधान आज खरे असले, तरी ती थोडी वर्षे ते तितकेसे खरे नव्हते.

परळी_औष्णिक

मी परळीच्या वीज केंद्रात कोळसा हाताळणी विभागात होतो. वाघिणी रिकाम्या होताना कधीकधी कोळशाबरोबर लाकडी टेकूचा तुकडा पट्ट्यावर यायचा आणि आम्ही तो अडथळा म्हणून बाजूला फेकत असू. हा तुकडा कोणाच्या तरी डोक्यावरचे छत धरून उभा होता, असा विचार त्या वेळी एकदाही मनात आला नाही. हा धागा वाचताना आला.

सरांना एक विचारतो. मोठे अपघात बातम्यांत येतात आणि एकेकटे मृत्यू येत नाहीत. एकूण मृत्यूंत कशाचा वाटा अधिक असतो?

सर्वेक्षक_नांदेड

खाण सुरक्षा महासंचालनालय 10 किंवा अधिक माणसे गेली तर त्या घटनेला महादुर्घटना म्हणते. अशा महादुर्घटनांची यादी ठेवली जाते, तिच्यावर न्यायालयीन चौकशी बसते, संसदेत प्रश्न येतात. परंतु माझ्या नोकरीत मी ज्यांच्या अंत्ययात्रेला गेलो, ते बहुतेक एकेकटे गेले. छताचा एक दगड, बाजूचा सुटलेला कोळसा, टब ओढणारा हॉलेजचा तुटलेला दोर, उतारावर सुटलेला टब, नाहीतर पाहायला कोणी नसताना मागे आलेले यंत्र. भूमिगत खाणीत छत आणि बाजू कोसळणे हे वर्षानुवर्षे मृत्यूचे पहिल्या रांगेतले कारण राहिले आहे. खाणीत उतरताना जिथून दिवे मिळतात त्या दिवाघरात पाळी सुटल्यावर दिवे परत येतात आणि एका क्रमांकाची जागा रिकामी राहते. त्या दिवशी वर्तमानपत्र तसेच निघते.

मोठ्या दुर्घटनांबद्दल मात्र सर्वेक्षक म्हणून मला वेगळे बोलायचे आहे, कारण तिथे माझ्या पेशाची लाज गुंतलेली आहे. स्फोटांनी फार मोठे बळी घेतले, यात शंका नाही. हवेत मिथेन साधारण 5 ते 15 टक्के झाला की ठिणगीसरशी स्फोट होतो, आणि त्या धक्क्याने उडालेली कोळशाची बारीक भुकटी पेटली तर आग गल्लोगल्ली धावते. 28 मे 1965 रोजी आजच्या झारखंडातल्या धोरी खाणीत 268 माणसे अशाच स्फोटात गेली. यावर उपाय ठरलेला आहे: वारा खेळता ठेवणे, भुकटीवर पाणी मारणे आणि दगडाची पूड पसरणे.

पाण्याच्या दुर्घटनांचे तसे नाही. तिथे मारेकरी म्हणजे कागद. 10 डिसेंबर 1954 रोजी छिंदवाड्याकडच्या न्यूटन चिकली खाणीत पाणी शिरून 63 जण गेले. 27 डिसेंबर 1975 रोजी धनबादजवळ चासनाला येथे वरच्या भागातल्या जुन्या, सोडून दिलेल्या कामांत साठलेले पाणी खाली फुटले आणि 375 माणसे बुडाली. 2 फेब्रुवारी 2001 रोजी धनबादजवळच्याच बागडिगी खाणीत शेजारच्या जयरामपूर खाणीचे जुने, तुडुंब भरलेले काम फुटले आणि 29 जण गेले. जून 2003 मध्ये गोदावरीखणीच्या 7 एलईपी खाणीत पाण्याने 17 जण गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरात तिथल्याच 8 ए खाणीत छताखाली 10 जण सापडले.

नियम जुनाच आहे. पाणी असलेल्या किंवा असू शकेल अशा जुन्या कामापासून 60 मीटरच्या आत लेखी परवानगीशिवाय जायचे नाही, आणि जायचेच झाले तर पुढे भोके पाडत, चाचपत जायचे. परंतु ते 60 मीटर मोजायचे कुठून? जुन्या कामाची शेवटची रेघ नकाशावर बरोबर असेल तरच. राष्ट्रीयीकरणापूर्वी, म्हणजे 1971 ते 1973 च्या आधी, लहानमोठ्या खाणमालकांनी हद्दीवरची राखीव भिंतसुद्धा ओरबाडून नेली आणि नकाशावर ती शाबूत दाखवली. काही ठिकाणी शेवटचे मोजमाप झाल्यावरही काम पुढे चालू राहिले आणि खाण बंद पडली. ती शेवटची गल्ली कुठल्याच कागदावर नाही. पुढच्या पिढीचा सर्वेक्षक तो नकाशा प्रमाण मानून आपल्या माणसांना भिंतीकडे नेतो. मीही तसे नकाशे वापरले आहेत. माझ्या पाळीत पाणी फुटले नाही, एवढेच.

एक आठवण मात्र सांगावीशी वाटते. 13 नोव्हेंबर 1989 रोजी राणीगंजच्या महावीर खाणीतही जुन्या कामाचे पाणी फुटले. 6 जण बुडाले आणि 65 जण आत अडकले. तिथे अभियंता जसवंत सिंग गिल यांनी वरून भोक पाडून पोलादी कुपी सोडण्याची योजना केली आणि त्या अरुंद कुपीतून स्वतःच आधी खाली उतरले. सर्वच्या सर्व 65 माणसे वर आली. हे शक्य झाले, कारण माणसे नेमकी कोणत्या गल्लीत आहेत ते ठरवता आले आणि भोक बरोबर तिथेच उतरले. म्हणजे त्या दिवशी माणसे वाचली तीदेखील मोजमाप अचूक ठरल्यामुळेच.

धारूर_विहीर

मी बीड जिल्ह्यातला. आमची टोळी क्रेनवर विहिरी खोदते. कोळशाची खाण मी पाहिलेली नाही, परंतु सरांनी लिहिलेले वाचून अंगावर काटा आला, कारण आमच्याकडे माणूस असाच जातो. मुरमाची दरड सुटते, क्रेनचा दोर तुटतो, न फुटलेला सुरुंगाचा टोटा पहारीखाली येतो. जुन्या विहिरीचा गाळ काढायला उतरलेला माणूस खाली जाऊन गप्प होतो आणि त्याला आणायला उतरलेला भाऊही वर येत नाही. आमचे वडील आधी कंदील सोडून पाहायचे. विझला तर उतरायचे नाही. खाणीतही असेच असते का? आणि आमच्यासाठी सरदार, ओव्हरमन, निरीक्षक असे कोणी असते का?

सर्वेक्षक_नांदेड

दादा, आपल्या वडिलांची पद्धत आणि खाणीतली पद्धत मुळात एकच. खाणीत जाळीने झाकलेला सुरक्षा दिवा असतो. प्राणवायू कमी झाला की तो विझतो आणि मिथेन असला तर ज्योतीवर निळसर टोपी दिसते. परंतु एक लक्षात ठेवा: विहिरीत डिझेलचे इंजिन चालवले असेल किंवा सुरुंग उडवला असेल, तर कार्बन मोनॉक्साइड उरतो आणि तो कंदिलाला कळत नाही. कंदील जळतो आहे म्हणून उतरू नका. आधी वारा खेळू द्या. आणि उघडा कंदील पेट्रोलचा वास असलेल्या विहिरीत कधीही सोडू नका.

निरीक्षकाबद्दल खेदाने सांगावे लागते की, नोव्हेंबर 2025 पर्यंत अमलात असलेला 1952 चा खाण कायदा खनिजासाठी केलेल्या खोदकामाला लागू होता. पाण्यासाठी खणलेली विहीर त्यात येत नव्हती.

लातूर_विधिज्ञ

मी कामगार न्यायालयात वकिली करते. दोन मुद्दे लिहिते, कारण धागाकर्त्यांच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्यांत आहे.

पहिला मुद्दा असा की, तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यानुसार (तो नोव्हेंबर 2025 पर्यंत अमलात होता) कामगाराने मुद्दाम नियम मोडला असे मालकाने सिद्ध केले, तरीही अपघातात मृत्यू झाला असेल तर भरपाई नाकारता येत नव्हती. तो बचाव ज्या इजेने मृत्यू झाला नाही तिच्यापुरता होता. आपल्या काकूंना जी रक्कम मिळाली, ती कोणाची मेहरबानी नव्हती आणि त्या ओळीमुळे ती कमी होऊ शकत नव्हती. मग ती ओळ कशासाठी लिहिली गेली, तर माझ्या अनुभवात अशी ओळ भरपाईसाठी लिहिली जात नाही. ती वरच्या माणसांवर खटला येऊ नये म्हणून लिहिली जाते. धारूरच्या दादांनाही सांगते की, खोदकामाचा उल्लेख त्या कायद्याच्या परिशिष्टात होता. विहिरीच्या मालकाने 'आपसात मिटवू' म्हटले म्हणून घाईने कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. तेव्हाच्या खाण कायद्याच्या कलम 23 प्रमाणे प्राणघातक अपघाताची सूचना मिळाल्यापासून दोन महिन्यांत निरीक्षकाने चौकशी करायची असे. म्हणजे आपल्या चुलत्यांच्या मृत्यूचे दोन कागद असले पाहिजेत: एक खाणीचा, जो आपल्या पेटीत आहे, आणि दुसरा महासंचालनालयाचा, जो आपण पाहिलेला नाही. दोन्हींत एकच निष्कर्ष असेल असे मुळीच नाही. माहितीच्या अधिकारात 10 रुपये शुल्क भरून त्या अहवालाची प्रत मागा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती असेल, तर कलम 8(3) नुसार नकाराची बहुतेक कारणे लागू होत नाहीत. अर्जात खाणीचे नाव, अपघाताची तारीख, पाळी आणि मयताचे नाव लिहा. हजेरीचा क्रमांक असल्यास तोही द्या.

ओपनकास्ट_हिंगोली

ताई, हा कायदा आमच्या पाळीतल्या एकालाही ठाऊक नसेल. मी छापून नेतो. आणि सर, मी आधी जे लिहिले त्यावर विचार केला. मागच्या पावसाळ्यात आमच्या कड्याला भेग दिसली होती आणि मी सुपरवायझरला तोंडी सांगून मोकळा झालो होतो. लिहून दिले नव्हते. उद्या काही झाले असते, तर कागदावर माझेच नाव आले असते.

सर्वेक्षक_नांदेड

लिहून द्या. वहीत लिहा, तारीख आणि वेळ घाला, सही घ्या. सही देत नसतील तर साक्षीदार घ्या.

पैनगंगाकाठ (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. काल चुलतभावाला घेऊन बसलो. अर्ज तयार केला आहे. तारीख मृत्यूच्या दाखल्यावरून मिळाली, पण पाळी कोणती होती हे कोणालाच आठवत नव्हते. शेवटी आईने सांगितले की तार आली ती दुपारी, आणि तारेत 'आज पहाटे' असे होते, म्हणजे रात्रपाळी. सरांनी सांगितल्याप्रमाणे त्या रात्रीच्या सरदाराच्या तपासणी वहीचा उतारा आणि त्या भागाचा त्या वेळचा नकाशा असे दोन्ही स्वतंत्रपणे मागितले आहेत.

बिल्ला भाऊ पेटीत परत ठेवत होता. त्याच्यावरचा आकडा झिजलेला आहे, पण तिरप्या उजेडात धरला की वाचता येतो. तो अर्जात लिहून घेतला. सोमवारी किनवटच्या टपाल कार्यालयातून स्पीड पोस्टाने पाठवतो आहोत. उत्तर आले की याच धाग्यावर टाकीन.